नातवंडे सांभाळणाऱ्या आजीची शुगर आणि बालसंगोपनाचे पैसे

लहान मुलाला कोणी दवाखान्यात आणले की केसपेपरवर नाव, वय, वजन लिहून झाल्यावर मी विचारतो, “तुम्ही याचे कोण?” बहुतेक वेळा उत्तर ‘आई’ किंवा ‘वडील’ असे येते. पण मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात आजी, मावशी, आत्या, चुलती अशी उत्तरेही बरीच येतात. दिवाळीनंतर तर ती वाढतातच, कारण आईबाप ऊसतोडीला कारखान्याकडे निघून गेलेले असतात आणि मुले गावी म्हाताऱ्या माणसांपाशी. ते आईबाप हंगाम संपला की परत येतात. आज मी लिहितो आहे ते अशा मुलांबद्दल, ज्यांचे आईबाप परत येणार नाहीत किंवा आले तरी सांभाळण्याच्या स्थितीत नाहीत. कोणाचा बाप कर्जापायी गेला आणि आईने दुसरे घर केले. कोणाची आई कर्करोगाने गेली. २०२१च्या एप्रिल-मे महिन्यात तर आठवड्याच्या अंतराने दोघेही गेल्याची घरे मी पाहिली आहेत.

इथे मी एरवी बीपी, शुगर, थायरॉईड, दमा यांवर लिहितो. आजचा विषय पैशांचा आहे, म्हणून वाचकांना तो वाट चुकल्यासारखा वाटेल. पण माझ्या दृष्टीने हा आरोग्याचाच विषय आहे. कसा, ते सांगतो.

साधारण बासष्ट वर्षांच्या एक मावशी माझ्याकडे सात-आठ वर्षे मधुमेहासाठी येतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांचा एचबीएवनसी सात-साडेसातच्या आसपास असायचा. ही तपासणी काय असते हे इथे पूर्वी लिहिले आहे. थोडक्यात सांगायचे तर रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते, या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर या एका आकड्यात कळते. आदल्या रात्री उपाशी राहून हा आकडा फसवता येत नाही. मावशींचा आकडा दहाच्या वर गेला. बीपी १७६/१०४. सहा महिन्यांपूर्वी त्यांची लेक किडनीच्या आजाराने गेली होती. जावई त्याआधी दोन वर्षे ट्रॅक्टरच्या अपघातात गेलेले. नऊ वर्षांचा नातू आणि सहा वर्षांची नात आता त्यांच्यापाशी होती.

दुःखाने साखर वाढते, हे खरे आहे. पण पावणेतीन टक्क्यांनी वाढली तर दुसरेही काही असते. मी गोळ्यांची पाकिटे मागितली आणि मोजली. दोन महिन्यांपूर्वी घेतलेल्या मेटफॉर्मिनच्या जवळजवळ निम्म्या गोळ्या शिल्लक होत्या. बीपीची गोळी एक दिवसाआड. विचारल्यावर मावशी सरळ म्हणाल्या, “सकाळची खाते, रातची ठिवते. लेकरांच्या वह्या घ्यायच्या होत्या.”

घरचा हिशेब काढला. मावशी खुरपणी-वेचणीला जायच्या. आता नातीला शाळेत सोडायचे, दुपारी आणायचे, आजारी पडली की दवाखान्यात न्यायचे, त्यामुळे आठवड्याचे तीन-चार दिवसच कामावर जाता येते. म्हणजे खाणारी तोंडे दोनाने वाढली आणि मजुरी निम्म्यावर आली. नातेवाइकांनी मूल सांभाळण्याचा हा जमाखर्च आपण सहसा मांडत नाही. मुलांचा खर्च सगळ्यांना दिसतो. सांभाळणाऱ्याची बुडालेली मजुरी दिसत नाही. आणि ही तूट कुठून तरी भरून निघते. माझ्या अनुभवात ती पहिल्यांदा म्हाताऱ्या माणसाच्या औषधातून निघते, मग त्यांच्या ताटातून. मुलांच्या वहीतून निघत नाही, हे त्या माणसांचे मोठेपण. पण डॉक्टर म्हणून मला भीती वेगळी वाटते. वाढलेल्या बीपीने या आजीला उद्या पक्षाघात झाला, तर ही दोन मुले दुसऱ्यांदा पोरकी होतील.

नातवाची तक्रार पोटदुखीची होती. सकाळी उठले की बेंबीभोवती दुखायचे, शाळेची वेळ टळली की कमी व्हायचे, रविवारी नसायचेच. वजन नीट, ताप नाही, उलट्या नाहीत, लघवी-शौचाची तपासणी साधी. शेजारच्यांनी ‘ढोंग करतंय’ असे ठरवून टाकले होते. हे ढोंग नसते, वाचकहो. मुलांना दुःख शब्दांत सांगता येत नाही, ते पोटात दुखते, डोके दुखते, कधी सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते. आई गेल्यावर ‘आपण शाळेत गेलो आणि आजीही गेली तर?’ ही भीती त्या वयात अगदी खरी असते. मात्र पोटदुखीने मूल रात्री झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल, शौचातून रक्त किंवा हिरवी उलटी होत असेल, ताप असेल किंवा दुखणे बेंबीपासून दूर, विशेषतः उजवीकडे खाली असेल, तर ते मनाचे म्हणून सोडून देऊ नका, लगेच दाखवा.

या घराला मी गोळ्यांची चिठ्ठी दिली, आणि दुसऱ्या कागदावर जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयाचे नाव लिहून दिले. मावशींनी तो कागद परत माझ्या टेबलावर ठेवला.

“लेकीचं लेकरू हाय डॉक्टरसाहेब. त्याला सांभाळायचे सरकारकडून पैसे घेऊ व्हय? लोक म्हणतील म्हातारी नातवाच्या पैशावर जगायली.”

हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडांनी बऱ्याचदा ऐकले आहे. मामा म्हणतो, भाच्याचे पैसे कसे घेऊ. आत्या म्हणते, भावाचे रक्त आहे. यात लाज आहे तसा स्वाभिमानही आहे, आणि मी त्याला हसणार नाही. माझे स्वतःचे वडील त्यांच्या मामांकडे वाढले. १९५०च्या दशकातली गोष्ट. आमच्या घरात मामांचे नाव अजून आदराने निघते, आणि ते योग्यच आहे. पण वडिलांच्या मॅट्रिकच्या फीसाठी मामींच्या पाटल्या गेल्या, त्या परत झाल्या नाहीत, ही गोष्ट मला वडिलांनी नाही, आत्याने सांगितली, तीही मी डॉक्टर झाल्यावर. मामी शेवटची काही वर्षे दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ अधू होत्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ‘पुढच्या वर्षी’ करायची राहून गेली होती. घरातल्या कोणी या दोन गोष्टी एकमेकींना कधी जोडल्या नाहीत. मीही छातीठोकपणे जोडणार नाही. मात्र नातवंडे सांभाळणारी बाई समोर बसली की मी तिच्या गोळ्या मोजतो, डोळे तपासतो, ती सवय बहुधा तिथूनच आली असावी.

मावशींना मी एवढेच म्हणालो, की हे पैसे तुमचे नाहीतच. ते मुलांचे आहेत. मूल अनाथालयात ठेवले असते तर त्याच्या जेवणाखाण्याचा खर्च सरकारने केलाच असता. ते मूल घरात, आपल्या माणसांत वाढावे म्हणून तोच खर्च थोडा घराकडे वळवला आहे. तुम्ही नाही म्हणालात तर तुमचा मान वाढत नाही, मुलांचे दूध तेवढे कमी होते.

दुसरी भीती त्यांनी नंतर सांगितली, आणि ती जास्त खोल होती. “समितीपुढं नेलं आन् लेकरं ठिवून घेतली तर?” ही भीती गावोगाव आहे. म्हणून स्पष्ट लिहितो. २०१५च्या बाल न्याय कायद्यात तत्त्व म्हणूनच लिहिले आहे की मुलाला संस्थेत ठेवणे हा सर्वांत शेवटचा उपाय. जिल्ह्यातली बाल कल्याण समिती मुलाला पाहते, बोलते, घरी चौकशी करवते, ती मुलाचे हित कशात आहे हे ठरवण्यासाठी. आजीपाशी नीट असलेले मूल ओढून नेण्यासाठी नव्हे. मूल मारहाणीत, उपाशी, कामाला जुंपलेले आढळले तर गोष्ट वेगळी, आणि ती वेगळी असायलाच हवी.

पैसे कोणते, किती

आपल्या राज्यात यासाठीची जुनी आणि मुख्य योजना म्हणजे बालसंगोपन योजना. आता तिचे नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना असे आहे. अठरा वर्षांपर्यंतची अनाथ मुले, एकच पालक असलेली मुले, आईबापांनी टाकलेली मुले, आई किंवा वडील तुरुंगात आहेत अशी मुले, आणि आईबाप कर्करोग, एचआयव्ही, कुष्ठरोग किंवा तीव्र मानसिक आजारासारख्या दुखण्याने मूल सांभाळू शकत नाहीत अशी मुले तिच्यात बसतात. म्हणजे आईबाप दोघेही वारले असले तरच पैसे मिळतात, हा समज चुकीचा आहे. विधवा आई स्वतः मूल सांभाळत असली तरी अर्ज करता येतो.

रक्कम अनेक वर्षे महिना ४२५ रुपये होती. मग ती १,१०० झाली आणि २०२३ पासून एका मुलामागे महिना २,२५० रुपये आहे. दिवसाला पंचाहत्तर रुपये. यात मूल वाढते असे कोणी म्हणणार नाही. पण पंचाहत्तर रुपयांत अर्धा लिटर दूध, एक-दोन अंडी आणि थोडी डाळ-भाजी येते, आणि सहा वर्षांच्या मुलीच्या हिमोग्लोबिनला एवढ्याने फरक पडतो. माझे मत विचाराल तर ही रक्कम तोकडी आहे. घरातली मायेची माणसे जे काम करतात ते पगारी माणसांकडून करून घ्यायचे तर सरकारला याहून कितीतरी जास्त मोजावे लागेल. परंतु तोकडी आहे म्हणून न घेणे हा काही तिच्यावरचा उपाय नाही.

दुसरी योजना केंद्राची, मिशन वात्सल्य. तिच्यातल्या प्रायोजकत्वाखाली मुलामागे महिना ४,००० रुपये मिळतात. यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे. ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० रुपये आणि इतर ठिकाणी ९६,०००. नातेवाइकांकडे राहणारी अनाथ मुले, विधवा किंवा टाकलेल्या आईची मुले, दुर्धर आजार झालेल्या आईबापांची मुले यांचा त्यात समावेश आहे. दोन्हींपैकी आपल्या मुलाला कोणती योजना लागू होते हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. अर्ज करण्याआधीच घरी बसून ‘आपल्याला मोठी रक्कमच पाहिजे’ असे ठरवून थांबू नका. ‘सगळ्या मुलांना सरसकट चार हजार’ असा निरोप मोबाईलवर फिरत असतो, तो खरा नाही.

करोनाने दोन्ही पालक हिरावलेल्या मुलांसाठी राज्याने २०२१मध्ये पाच लाख रुपयांची मुदतठेव जाहीर केली. केंद्राच्या पीएम केअर्स योजनेतून अशा मुलांना वयाच्या तेविसाव्या वर्षी दहा लाख मिळण्याची तरतूद आहे. या मुलांची नावे त्या वेळीच नोंदवली गेली. ती मुले आता कॉलेजच्या वयाकडे चालली आहेत. तुमच्या घरात असे मूल असेल तर पासबुक, आदेशाची प्रत, कार्यालयातला पत्ता आणि मोबाईल क्रमांक जुने तर राहिले नाहीत ना, हे तपासून घ्या.

एक पैसा मात्र फार जण विसरतात. गेलेला बाप किंवा आई कारखान्यात, कंपनीत, ठेकेदाराकडे का होईना पण पीएफ कापला जाणाऱ्या नोकरीत असेल, तर १९९५च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत मुलांना पंचवीस वर्षांपर्यंत पेन्शन आहे. दोन्ही पालक नसतील तर प्रत्येक अनाथ मुलाला महिना किमान ७५० रुपये, एका वेळी दोन मुलांपर्यंत. शिवाय नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर पीएफला जोडलेल्या विम्याची रक्कम वेगळी, ती सात लाखांपर्यंत असू शकते. पगाराची एखादी जुनी चिठ्ठी ट्रंकेत असते आणि कोणी ती वाचलेलीच नसते. मावशींच्या जावयाची निघाली नाही, तो रोजंदारीवर होता. पण दुसऱ्या एका घरात निघाली.

आणखी एक. २०१८ पासून राज्यात अनाथ मुलांसाठी शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण आहे. संस्थेत न राहता नातेवाइकांकडे वाढलेल्या, आईबाप दोघेही गमावलेल्या मुलालाही अनाथ प्रमाणपत्र मिळू शकते. याचा अर्ज महिला व बाल विकास कार्यालयातच होतो. मूल अठरा वर्षांचे होण्याआधी हे काम उरका.

कागद आणि डॉक्टर

अर्जाला मुलाचे व सांभाळणाऱ्याचे आधार, रेशनकार्ड, तलाठ्याचा किंवा तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, आईबापांचे मृत्यूचे दाखले, मुलाच्या आणि सांभाळणाऱ्याच्या नावाचे आधारशी जोडलेले बँक खाते आणि फोटो लागतात. यादी थोडीफार बदलते, कार्यालयात एकदा विचारून घ्या. मग घरी चौकशी होते, मूल व सांभाळणारे बाल कल्याण समितीपुढे जातात, समिती आदेश काढते. अर्ज फुकट आहे. तहसीलच्या आवारात ‘करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. वाट सापडली नाही तर १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक आहे, तिथून जिल्ह्याच्या कक्षाशी जोडून मिळते.

या कागदांत घोडे अडते ते मृत्यूच्या दाखल्यावर, आणि इथे आम्हा डॉक्टरांचा संबंध येतो. शेतात, घरी, रस्त्यात मृत्यू झाला, अंत्यविधी उरकला आणि नोंद राहिली, असे फार होते. कायद्याने मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. त्यानंतर विलंब शुल्क लागते, महिन्यानंतर वरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. दुःखाच्या त्या तेरा दिवसांत हे काम कोणाला सुचत नाही, मला मान्य आहे. म्हणून भावकीतल्या एखाद्या शांत डोक्याच्या माणसाने ते अंगावर घ्यावे. शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरांनी तपासले त्यांच्याकडून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र त्याच वेळी मागून घ्यावे. दोन वर्षांनी शोधायला गेलात तर डॉक्टर बदलून गेलेले असतात आणि रजिस्टर गोदामात.

आईबाप जिवंत पण आजारी असतील तर आजाराचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते सरकारी रुग्णालयाचे असले तर अडचण कमी येते. तिथे डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा अहवाल, केमोथेरपीचे कागद असे जे असेल ते न्या, नुसते ‘डॉक्टरांना माहीत आहे’ म्हणून भागत नाही. एचआयव्हीच्या बाबतीत एक विनंती. तो कागद मध्यस्थाच्या, शेजाऱ्याच्या, भावकीच्या हाती देऊ नका. २०१७च्या कायद्याने ही माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाला सांगितले तर तो अर्ज कसा द्यायचा ते सांगतो.

समितीच्या आदेशाचा एक उपयोग पैशांपलीकडचा आहे, आणि मला तो पैशांइतकाच मोलाचा वाटतो. मुलाचे हर्निया, टॉन्सिल, हाड बसवणे असे ठरवून करायचे ऑपरेशन असेल तर रुग्णालय पालकाची सही मागते. आजी सही करायला पुढे झाली की ‘कायदेशीर पालक कोण?’ असा प्रश्न येतो. जीव धोक्यात असेल तेव्हा कोणताही शहाणा डॉक्टर सहीसाठी थांबत नाही. पण तातडी नसलेल्या ऑपरेशनला मूल परत पाठवल्याचे मी पाहिले आहे, आणि परत पाठवलेले मूल मग वर्षभर येत नाही. मूल प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात आहे त्याला समिती आपल्या कामकाजात पालक म्हणून मान्यता देऊ शकते, अशी तरतूद बाल न्याय कायद्यात आहे. समितीच्या आदेशाची प्रत दाखवली की रुग्णालयाचा सूर बदलतो. जमीन, घर, विम्याची मोठी रक्कम असे काही मुलाच्या नावावर असेल तर मात्र तेवढ्याने भागत नाही, त्यासाठी न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागतो. वकील गाठा.

मावशींचे पुढे काय झाले? अर्ज झाला, घरी चौकशी झाली, मुले समितीपुढे जाऊन आली आणि संध्याकाळी आजीबरोबरच घरी आली. दोघांचे मिळून महिना साडेचार हजार मंजूर झाले. मंजूर झाले म्हणजे दर महिन्याला पहिल्या तारखेला आले असे नव्हे. काही महिने काहीच आले नाही, मग एकदम जमा झाले. या गोष्टीचा मला राग येतो. मुलाची भूक तिमाही नसते. दरम्यान, दोन वर्षांत एकदाही न फिरकलेले एक चुलते ‘पासबुक माझ्याकडे ठेवा, बँकेचं मी बघतो’ म्हणून आले होते. मावशींनी त्यांना चहा दिला, पासबुक दिले नाही.

त्या पैशातला एक रुपयाही त्या स्वतःच्या गोळ्यांना लावत नाहीत. “पोरांचे हायत,” म्हणतात. मीच सांगितलेले वाक्य माझ्यावर उलटले. पण वह्या, दूध, चपला यांचा भार मजुरीवरून उतरला, आणि गोळ्यांचा प्रश्न आम्ही दुसऱ्या वाटेने सोडवला. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचारही मोफत आहेत. माझ्याकडे येणे थांबवून त्यांनी तिकडे जावे असे मीच सुचवले. त्या दोन्हीकडे येतात. तिथून गोळ्या घेतात आणि मला येऊन दाखवतात. मागच्या वेळी एचबीएवनसी ८.१ होता. अजून खाली यायला हवा. नातवाची पोटदुखी शाळेतल्या बाईंनी सोडवली. त्यांनी त्याला रोज सकाळी हजेरीचे रजिस्टर आणायचे काम दिले, आणि मधल्या सुट्टीत शाळेतल्या फोनवरून आजीला एकदा हाक मारायची परवानगी. दोन महिन्यांनी तो फोन करायचाच विसरू लागला.

तुम्ही नातवंड, भाचरू, पुतण्या सांभाळत असाल तर पुढच्या वेळी येताना मुलाबरोबर स्वतःलाही तपासून घ्या. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, डोळे, एवढे तरी. वय सत्तरच्या वर असेल तर उत्पन्न न पाहता आयुष्मान कार्ड निघते, त्यात वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार आहेत. मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका, आता तशी गरज नसते. मुलाचे लसीकरणाचे कार्ड आईच्या माहेरी-सासरी हरवले असेल तर उपकेंद्रातल्या नर्सताईंना आईचे नाव आणि बाळंतपणाचे गाव सांगा, नोंद बहुतेक वेळा सापडते. सापडली नाही तर राहिलेल्या लसी कोणत्या वयात कशा द्यायच्या हे ठरलेले आहे, पुन्हा पहिल्यापासून सगळ्या टोचाव्या लागत नाहीत.

आणि मी तपासलेल्या रुग्णांच्या बाबतीत या अर्जासाठी आजाराचे किंवा मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र लागत असेल तर त्याचे मी पैसे घेत नाही. दुपारी बारा ते एक या वेळात या, गर्दी कमी असते. जुने केसपेपर, रिपोर्ट, जे असेल ते पिशवीत भरून आणा. निवडायचे काम मी करीन.